राहून गेलेले दोन विषय

माझे बाबा बावीस वर्षं एका खिडकीच्या आत बसत. विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात ते होते. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांचे कागद तपासायचे, एखादा विषय राहिलेला दिसला की समासात लाल पेन्सिलीनं फुली मारायची आणि कागद खिडकीतून परत द्यायचे, हे त्यांचं काम. त्या लाल फुलीची धास्ती पाच जिल्ह्यांत होती असं आई सांगायची, आणि सांगताना तिला थोडा अभिमानही वाटायचा. मग आईला इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टरची नोकरी मिळाली, बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मी बारावी अर्धवट टाकली, आणि आम्ही तिघं मिल्टन कीन्सला राहायला आलो. त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, म्हणून ते इथेच सोडते. मला सांगायचं आहे ते त्यानंतर चारेक वर्षांनी आलेल्या एका पत्राबद्दल.

पत्र आलं त्या दिवशी बाबा गोळाभात करत होते. आई ड्यूटीवर, मी कॉलेजात, त्यामुळे इथं आल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे गेलं होतं, आणि त्यांनी ते कार्यालयासारखंच चालवायला घेतलं होतं. डब्यांवर चिकटपट्ट्या, त्यांवर सुवाच्य अक्षरात जिन्नसाचं नाव आणि आणल्याची तारीख. फोडणी मात्र ते गावाकडच्यासारखीच करायचे, तेल धुरावेपर्यंत तापवून, आणि त्याबरोबर छताला लावलेला स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. मग ते एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन अलार्मखाली उभे राहून वारा घालायचे. शेजारची म्हातारी पहिल्या वर्षी घाबरून दारात यायची. नंतर नंतर तिला त्यावरून जेवणाची वेळ कळायला लागली. तर त्या आवाजात मी दारातलं पाकीट उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं, आणि तिसऱ्यांदा मी मोठ्यानं वाचलं, कारण मला वाटलं, मोठ्यानं वाचल्यावर तरी त्यात काही वेगळं निघेल.

माझं असं होतं. मी मिल्टन कीन्समधल्याच कॉलेजात फूड टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. प्रवेश घेताना कॉलेजनं छापील पुस्तिकेत लिहून दिलं होतं की दोन वर्षं इथं करा आणि थेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा, एका वर्षात डिग्री. पुस्तिकेत एक मुलगी पांढरा कोट घालून हसत होती. मी दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, चांगले मार्क मिळवले, आणि विद्यापीठानं कळवलं की अभिनंदन, परंतु तिसऱ्या वर्षासाठी आधी पूर्ण केलेले असावे लागतात अशा विषयांपैकी दोन तुमच्या गुणपत्रकात दिसत नाहीत. एक स्टॅटिस्टिक्स, दुसरा बायोकेमिस्ट्री. तिसरं वर्ष सुरू व्हायला सात आठवडे होते.

बाबांनी गॅस बंद केला, हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र माझ्या हातातून घेतलं. पूर्ण वाचलं. मग मागे काही आहे का ते पाहिलं. मला वाटलं, आता हे चिडतील. निदान एखादा ठेवणीतला शब्द काढतील. ते म्हणाले, "पत्र चांगलं लिहिलंय. नियमाचा क्रमांकही दिलाय."

"बाबा, ते मला घेत नाहीयेत."

"घेत नाही असं कुठं म्हणून राहिले? दोन विषय राहिले म्हणून राहिले. राहिलेच आहेत ना?"

आज माझं वय तेव्हाच्या बाबांच्या जवळ येत चाललं आहे, आणि तरी ते वाक्य आठवलं की माझ्या कपाळावरची शीर उडते.

पुढचे दहा दिवस मी फोनवर काढले. कॉलेजात आमची कोर्स लीडर कॅरल होती, फार गोड बाई. काहीही सांगितलं की ती "ओ लव्ह" म्हणायची आणि सगळं नीट होईल म्हणायची. बायोकेमिस्ट्री आमच्या वेळापत्रकात होतं, पण शिकवणारे सर पहिल्याच सत्रात स्कॉटलंडला नोकरी मिळून निघून गेले, आणि त्यांच्या जागी कोणी न मिळाल्यानं त्या तासांना आम्हाला प्रॉडक्ट डेव्हलपमेंट लावलं. मी त्यात भरल्या वांग्याचं रेडी मील तयार केलं, मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटं, आणि वर्गात माझा पहिला नंबर आला. कॅरल म्हणाली, विद्यापीठानं थोडं समजून घ्यायला हवं. विद्यापीठात प्रवेशाचं काम पाहणारी एक बाई होती, डॉन नावाची. ती म्हणाली, कॉलेजनं लेखी द्यायला हवं. कॅरल म्हणाली, काय लेखी हवं ते विद्यापीठानं लेखी सांगावं. डॉन म्हणाली, ते आम्ही फक्त कॉलेजला सांगू शकतो, तुला नाही. मग कॅरल दोन आठवडे स्पेनला गेली. मी फोन ठेवला की बाबा कांदा चिरता चिरता विचारायचे, "डॉन काय म्हणतो?" ती बाई आहे हे मी त्यांना चार वेळा सांगितलं होतं.

आई घरी आली की हॉस्पिटलचा ब्लीप, म्हणजे पेजर, खिडकीत ठेवायची, बूट काढायची आणि सोफ्यावर तशीच पडायची. डोळे मिटून ती सगळं ऐकून घ्यायची. "पंधरा वर्षं मुलं तपासली मी," ती एकदा म्हणाली, "आणि इथं येऊन त्यांनी मला प्लास्टिकच्या बाळासमोर उभं केलं, तपासून दाखवा म्हणून. दाखवलं. तुझंही होईल." मग बाबांकडे वळून, "अहो, तुम्ही या कामातले. काहीतरी मार्ग काढा ना."

तेवढं म्हटलं मात्र, बाबा कामाला लागले. त्यांना गाडी येत नव्हती, आणि आमच्या गावात गाडीशिवाय माणूस म्हणजे हरवलेला. चौकाचौकात राउंडअबाउट, आणि चालणाऱ्यांसाठी रस्त्याखालून जाणाऱ्या तांबड्या वाटा. त्या वाटांनी हातात पिशवी घेऊन ते रोज लायब्ररीत जायचे. विद्यापीठाची नियमावली त्यांनी कॉम्प्युटरवरून छापून घेतली आणि पट्टी ठेवून ओळ न ओळ वाचली. मग मला म्हणाले, नुसतं गुणपत्रक पाठवून भागत नाही, प्रत्येक विषयात कोणत्या आठवड्यात काय शिकवलं त्याचा तपशील जोडायचा, कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी.

स्पेनहून कॅरल परत आल्यावर मी त्यांना घेऊन तिच्याकडे गेले. ही माझी पहिली चूक. तपशील तिनं लगेच छापून दिला, सही केली. बाबा म्हणाले, "स्टॅम्प, प्लीज." तिला वाटलं, पोस्टाचं तिकीट. मग त्यांनी हवेत गोल काढून दाखवला. शिक्का नावाची वस्तू त्या कॉलेजात नव्हती. बाबांना ते खरंच वाटेना. एवढी मोठी संस्था आणि गोल शिक्का नाही, मग कागद खरा आहे हे कळतं कसं, असं ते मला मराठीतून विचारत होते आणि कॅरल आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून हसत होती. शेवटी ती लायब्ररीतून पुस्तकं परत करण्याच्या तारखेचा शिक्का घेऊन आली आणि प्रत्येक पानावर उठवला. मी जमिनीकडे बघत होते. बाबांनी प्रत्येक पान फुंकर मारून वाळवलं.

त्याच भेटीत कॅरलनं मला बाजूला घेऊन आणखी एक कागद दिला. त्यात तिनं लिहिलं होतं की प्रॉडक्ट डेव्हलपमेंट शिकवताना बायोकेमिस्ट्रीचे घटक त्यात अंतर्भूत होते. "त्यांना एवढं पुरेल, लव्ह," ती म्हणाली. मी तो कागद इतक्या वेळा वाचला की दोन दिवसांत माझा त्यावर विश्वास बसला. वांगी शिजवली म्हणजे त्यातलं रसायनही आपण हाताळलंच की. बाबांनी तो वाचला आणि फाइलीत सगळ्यात खाली ठेवला. संध्याकाळी भरीत करायला घेतलं तेव्हा त्यांनी मला सहज विचारलं, "रसिका, वांगं चिरून ठेवलं की काळं काहून पडतं?"

"हवेमुळं."

"हवेमुळं म्हणजे काय होतं?"

"काळं पडतं. लिंबू लावलं की नाही पडत. बाबा, मला फोन करायचाय."

ते "बरं" म्हणाले. ती परीक्षा होती हे मला फार उशिरा कळलं.

विद्यापीठ आमच्यापासून ट्रेननं तासाभरावर. बाबांनी धपाटे आणि दह्यातली चटणी घेतली होती, कोट घातला होता, आणि फाइल मांडीवर उभी धरून बसले होते. डॉन पन्नाशीची, बारीक केसांची, गळ्यात चष्मा लटकवलेली बाई निघाली. टेबलावर दोन ढीग, एक उजवीकडे, एक डावीकडे. बाबांनी त्या ढिगांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा परदेशात अचानक कोणी आपल्या तालुक्याचं निघावं. मी माझी तयार केलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली, तोवर बाबांनी तिला विचारलं होतं, आलेले कागद तारखेनं लावता की नावानं. ती म्हणाली, नावानं, पण तारखेनं लावायला हवेत. पाच मिनिटांत तिला कळलं होतं की हे गृहस्थ बावीस वर्षं हेच काम करत होते, आणि ती सांगत होती की लोक तिला फोनवर काय काय बोलतात. बाबा मान हलवत होते. मी मध्ये बसले होते, माझ्याच प्रवेशाला सोबत म्हणून आल्यासारखी.

मग तिनं कागद घेतले. स्टॅटिस्टिक्सचं तिनं बारकाईनं पाहिलं. आमचा क्वालिटी कंट्रोल नावाचा विषय होता, त्यात आम्ही आठवडेच्या आठवडे बिस्किटांची वजनं करून आलेख काढले होते, सरासरी, विचलन, सगळं. तपशिलात ते आठवड्यानुसार लिहिलेलं होतं. तिनं पेननं मोजलं आणि म्हणाली, हे स्टॅटिस्टिक्सच आहे, फक्त नाव वेगळं. चालेल. दोनातला एक विषय तिथं सुटला. मग तिनं कॅरलचा कागद काढला. वाचला. परत वाचला. चष्मा काढून गळ्यात सोडला. ती नाही म्हणणार नव्हती. मी आजही शपथेवर सांगेन, तिची मान होकाराकडे निघालेली होती. पण तिनं हसत हसत बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "मिस्टर लांजेवार, तुमच्या खिडकीवर हे आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

गंमत म्हणून विचारलं होतं तिनं. चार लोकांत चार गोड शब्द बोलावेत तसं. दुसरा कोणताही बाप हसला असता. माझ्या बाबांनी तो कागद तिच्या हातातून घेतला, पुन्हा वाचला, टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाले, "स्टॅटिस्टिक्स, येस. बायोकेमिस्ट्री, नो, मॅडम. शी हॅज नॉट रेड इट."

 बाहेर कोणीतरी फोटोकॉपी काढत होतं. डॉननं माझ्याकडे पाहिलं, तिला खरंच वाईट वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिनं विचारलं, "तुला काय वाटतं?" मी काय सांगणार होते? मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. तिनं मग हळू आवाजात सांगितलं, की एक करता येईल. या सत्रापासून दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर फक्त बायोकेमिस्ट्रीला बसायचं, परीक्षा द्यायची, आणि पुढच्या सप्टेंबरात तिसऱ्या वर्षाला यायचं. जागा राखून ठेवते. बाबा उभे राहिले आणि तिचे आभार मानले. माझं एक वर्ष घालवून त्यांनी तिचे आभार मानले.

ट्रेनमध्ये त्यांनी डबा उघडला आणि धपाटा माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"तिनं विचारलं ना."

"ती हो म्हणणार होती, बाबा."

"हो, म्हणणार होती," ते म्हणाले. त्यांना तेही कळलं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि मिल्टन कीन्स येईपर्यंत वळले नाही. मागे ते डबा बंद करत असल्याचा आवाज आला.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती खिडकी तिकडंच राहिली असं वाटलं होतं मला. तुम्ही ती उचलून इकडं आणली." त्या दिवशी तिनं स्वतः स्वयंपाक केला, वरण-भात, आणि आम्ही दोघी आधी जेवलो. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. बाबा नंतर बसले, ताट धुऊन ठेवलं, आणि चिकटपट्टी घेऊन नव्या डाळीच्या डब्यावर तारीख लिहिली.

ते वर्ष मी आठवड्यातून दोन दिवस ट्रेननं जायचे आणि उरलेले दिवस डोक्याला जाळी लावून सँडविचच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहायचे. पावावर काकडीच्या सहा चकत्या, सात नाही. वर्गात मी सगळ्यांपेक्षा मोठी, आणि सगळ्यात मागे. पहिले सहा आठवडे मला एक अक्षर कळलं नाही. सर "हे तर तुम्हाला आठवत असेलच" म्हणायचे आणि माझ्याशिवाय सगळ्यांना आठवायचं. म्हणजे बाबा बरोबर होते, आणि ते बरोबर होते यानं माझा संताप आणखी वाढत होता. त्यात त्यांनी लायब्ररीतून गेल्या काही वर्षांचे पेपर मिळवून, कोणता प्रश्न कितीदा आला त्याचा तक्ता करून, माझ्या उशाशी ठेवला. मी तो कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच होता, इस्त्री केल्यासारखा सरळ.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पुस्तक भिंतीवर फेकलं आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माणसं आपल्या मुलांसाठी खोटं बोलतात, आणि आमच्याकडं खरं बोलून वाटोळं करतात. बाबा पाटवड्या थापत होते. हात न थांबवता म्हणाले, "एक मुलगी आली होती माझ्याकडं. गडचिरोलीकडची. बीएस्सीला प्रवेश, आणि बारावीला केमिस्ट्रीच नाही. वडील बाहेर उभे, हात जोडून. दोन बस बदलून आलेले. मी फुली नाही मारली. सही केली."

"मग?"

"दोन वर्षांनी तीच आली. सोडल्याचा दाखला पाहिजे म्हणे. दोन्ही वर्षं केमिस्ट्रीत नापास. मला ओळखलं तिनं. थँक्यू म्हणाली, सर, तुम्ही तेव्हा मदत केली म्हणून." त्यांनी ताटाला तेलाचा हात पुसला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी पुस्तक उचललं. त्यांना क्षमा केली असं नाही, पण पुस्तक उचललं, आणि तो तक्ताही वापरला. परीक्षेत मला चोपन्न मार्क मिळाले. काठावर नव्हे, पण काठ दिसेल इतक्या जवळ. सप्टेंबरात मी तिसऱ्या वर्षाला बसले.

इथं थांबले असते तर बाबांची गोष्ट किती छान झाली असती. पण माझ्याबरोबर कॉलेजात हेली नावाची मुलगी होती. तिचे तेच दोन विषय राहिले होते, तिच्याकडे कॅरलचा तोच कागद होता, आणि ती दुसऱ्या विद्यापीठात गेली होती, जिथं तो कोणी दोनदा वाचला नाही. मी तिसऱ्या वर्षाला जायच्या आधीच, जुलैत, तिची डिग्री झाली. चांगल्या श्रेणीत. तिनं काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेला फोटो पाठवला, मागे लिहिलं होतं, बायोकेमिस्ट्री कोणी विचारलंच नाही.

मी तो फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले. बाबा लसूण सोलत होते. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि मागचंही वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसून फोटो उचलला आणि बराच वेळ पाहिला.

"हुशार दिसते पोरगी," ते म्हणाले. "चांगलं झालं."

"आणि माझं वर्ष?"

मला वाटलं, आता ते नियम सांगतील, नाहीतर ती गडचिरोलीची मुलगी पुन्हा काढतील. त्यांनी फोटो मला परत दिला. "ते मी घालवलं," ते म्हणाले. "तुला तेव्हा जाऊ दिलं असतं तर तुझंही कदाचित निघालं असतं हिच्यासारखं. निघालं असतं की नसतं, मला माहीत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं."

"आणि तरी तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"आज विचारलं तर?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं, एवढा वेळ लावून की माझा राग मध्येच कुठंतरी अडखळला. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुढची पाकळी उचलली.

"तेच सांगीन," ते म्हणाले. "पण आधी तुला खोलीबाहेर पाठवीन."

मला हसू आलं, याचा मला आजही राग येतो. मी खुर्ची ओढली, लसणाची दुसरी गड्डी फोडली, आणि त्यांच्यासमोर सोलायला बसले.